मागच्या चाकांचा हट्ट

उरणच्या कंटेनर यार्डात भरलेला ट्रेलर अरुंद जागेत वळायला लागला की कर्कश, रखडत गेल्यासारखा आवाज येतो. नवख्याला वाटतं ब्रेक जाम झाले. ब्रेकचा त्याच्याशी काही संबंध नसतो. ट्रेलरच्या मागे एकामागोमाग तीन ॲक्सल बसवलेले असतात आणि त्या घडीला त्यांतला फक्त मधला नीट गोलात फिरत असतो. त्याच्या पुढच्या ॲक्सलचे टायर एका बाजूला फरफटतात, मागच्याचे बरोबर उलट्या बाजूला. वाकून पाहिलं तर रिम एकीकडे आणि रस्त्याला टेकलेलं रबर दुसरीकडे, असा टायर पिळलेला दिसतो. गाडी निघून गेली की काँक्रीटवर काळे फराटे उरतात. टायरसाठी मोजलेल्या पैशांतला काही भाग मालक तिथे रोज सांडत असतो.

या भांडणाचं मूळ दोनशे वर्षांपूर्वीच्या घोडागाडीत सापडतं. म्युनिकच्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गर या गाड्या बांधणाऱ्या कारागिराने पुढची दोन चाकं वेगवेगळ्या कोनांत वळवणारी रचना शोधली. लंडनमध्ये तिचं पेटंट १८१८ मध्ये रूडॉल्फ आकरमान याने त्याच्या वतीने घेतलं, आणि नाव आकरमानचंच चिकटलं. विचार साधा आहे. गाडी वळते तेव्हा तिच्या प्रत्येक चाकाने एकाच बिंदूभोवती फिरायला हवं. म्हणजे प्रत्येक चाकाच्या आसाची रेष वाढवली तर त्या सगळ्या रेषा एका जागी भेटायला हव्यात. दोन ॲक्सलच्या गाडीत हे जमतं. मागचा ॲक्सल वळत नाही, त्याची रेष ठरलेली असते. पुढच्या दोन चाकांनी आपापले कोन जुळवून त्या रेषेवर कुठेतरी भेटायचं, एवढंच. आता मागे आणखी एक न वळणारा ॲक्सल जोडा. दोन समांतर रेषा झाल्या, त्या कुठेच भेटत नाहीत. निव्वळ भूमितीने पाहिलं तर दहाचाकी ट्रकला वळता येऊ नये.

तरी तो वळतो, कारण टायर रबराचा असतो. टायरचं तोंड एका दिशेला आणि त्याचं प्रत्यक्ष जाणं किंचित दुसऱ्या दिशेला, असं होऊ शकतं. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. टायर तेव्हा लगेच घसरत नाही. रस्त्याला चिकटलेलं रबर ताणलं जातं आणि त्या ताणातून आडवं बळ तयार होतं. गाडी वळते ती याच बळावर. ताशी ८० किलोमीटरने धावणारा भरलेला ट्रक ३०० मीटर त्रिज्येचं वळण घेतो तेव्हा त्याच्या टायरचा स्लिप अँगल दीड-दोन अंशांच्या आसपास असतो. रबराला हे सहज पेलतं.

यार्डातला हिशेब मात्र वेगळा आहे. दहाचाकी ट्रकच्या मागच्या दोन ॲक्सलमध्ये साधारण १.३७ मीटर अंतर धरू. ट्रक ९ मीटर त्रिज्येत वळतोय. वळणाचा केंद्रबिंदू दोन्ही ॲक्सलच्या मधोमध असलेल्या रेषेवर पडतो, आणि प्रत्येक ॲक्सलच्या टायरना नुसत्या भूमितीपोटी सव्वाचार अंशांहून जास्त पीळ पडतो. वेग शून्याच्या जवळ असला तरी पडतो. तीन ॲक्सलचा ट्रेलर साडेसात मीटर त्रिज्येत वळवला तर पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलसाठी हा कोन दहा अंशांवर जातो. तिथे ट्रकच्या टायरची पकड जवळपास संपते आणि रबर खरडायला लागतं. तो किंचाळण्याचा आवाज याचा.

नुकसान टायरपुरतं थांबत नाही. मागच्या जोडीतला पुढचा ॲक्सल एकीकडे ढकलतो, मागचा दुसरीकडे, आणि दोघं मिळून गाडीला सरळ ठेवायला बघतात. ती सरळ जाण्याची ओढ मोडून काढण्याचं काम शेवटी पुढच्या चाकांवर येतं. चालकाला म्हणूनच स्टिअरिंग हिशेबापेक्षा जास्त फिरवावं लागतं. पुढच्या ॲक्सलपासून मागच्या जोडीच्या मध्यापर्यंत ५ मीटर अंतर असलेला ट्रक, जोडचाकांमुळे मागच्या टायरचा एकत्रित ताठरपणा पुढच्यांच्या चौपट धरला, तर वळताना साधारण ५.५ मीटरच्या ट्रकसारखा वागतो. कोरड्या डांबरावर हे खपून जातं. पावसाळ्यात कोकणातल्या लाल चिखलावर पुढच्या चाकांची पकड आधीच नाममात्र असते. तिथे चाकं पूर्ण वळवलेली असूनही ट्रक नाकासमोर सरळ निघतो. मागचे ॲक्सल जितके जास्त आणि जितके दूरदूर, तितकी ही खोड मोठी.

इथवर वाचून कुणालाही वाटेल की मागचे ॲक्सल वळते केले की प्रश्न मिटला. वाहतूकदारांच्या बोलण्यातही मागचं वळतं चाक म्हणजे निव्वळ सोय, असाच सूर असतो. मला तो अर्धवट वाटतो. कारण यार्डात जो हट्ट तापदायक असतो, त्याच हट्टाच्या भरवशावर हायवेवर आपण जिवंत असतो.

चालक स्टिअरिंग वळवतो तेव्हा आधी पुढच्या टायरमध्ये आडवं बळ तयार होतं. गाडीचं नाक वळू लागतं. नाक वळल्यामुळे गाडीचं मागचं अंग किंचित तिरकं होतं, मागच्या टायरनाही स्लिप अँगल मिळतो, आणि आता मागूनही आडवं बळ येऊ लागतं. हे मागचं बळ नाकाच्या फिरण्याला आवर घालतं. ते पुरेसं नसेल तर गाडी स्वतःभोवती फिरतच जाते. वळणावर पुढच्या टायरचा स्लिप अँगल मागच्यापेक्षा थोडा मोठा असेल तर गाडी वेगातही चालकाच्या हातात राहते. थोडी सुस्त वळते, पण आज्ञेत असते. मागचा कोन पुढच्यापेक्षा मोठा झाला की उलटं होतं. गाडी मागितल्यापेक्षा जास्त वळते आणि एका ठरावीक वेगानंतर तिला सरळ ठेवणं माणसाच्या आवाक्यात राहत नाही. पंचवीस-तीस टनांच्या गाडीची शेपटी एकदा सुटली की ती सावरायला लागणारी रस्त्याची रुंदी आपल्या कुठल्याच रस्त्याला नाही.

महाराष्ट्रातल्या प्रवाशांना ओळखीचं उदाहरण मल्टी-ॲक्सल बसचं. पुणे-बंगळूर किंवा मुंबई-गोवा करणाऱ्या या लांब बसला मागे दोन ॲक्सल असतात. इंजिनची ताकद त्यांतल्या पुढच्या, जोडचाकांच्या ॲक्सलला मिळते, तो ड्राइव्ह ॲक्सल. त्याच्या मागचा, एकेका टायरचा, तो टॅग ॲक्सल. इंजिन मागे असल्यामुळे तिथे वजन फार, ते वाटून घ्यायला हा तिसरा ॲक्सल येतो. २०२२ मध्ये भारतात आलेली व्होल्वो ९६०० ही बस १५ मीटर लांब आहे. एवढी लांब गाडी दोन ॲक्सलवर पेलवत नाही.

समजा, पुढच्या ॲक्सलपासून ड्राइव्ह ॲक्सल ७ मीटरवर आहे आणि टॅग ॲक्सल त्याच्या मागे १.४ मीटरवर. टॅग वळत नसेल तर बस दोन्ही मागच्या ॲक्सलच्या मधल्या कुठल्यातरी रेषेवर टेकून वळते. ड्राइव्ह ॲक्सलवर दोन तृतीयांश आणि टॅगवर एक तृतीयांश वजन धरलं तर ती रेष साधारण साडेसात मीटरवर येते. टॅग वळता केला तर रेष थेट ड्राइव्ह ॲक्सलवर, सात मीटरवर. पुढची चाकं ४० अंश वळवली असताना पहिल्या बसच्या पुढच्या ॲक्सलची त्रिज्या सुमारे ११.६ मीटर निघते, दुसरीची १०.९. फरक पाऊण मीटरच्या आतला वाटतो, पण यू-टर्नला लागणाऱ्या रुंदीत तो जवळजवळ दीड मीटर होतो. आंबोली घाटात समोरून एसटी उतरत असेल तर दीड मीटर म्हणजे निम्मी गाडी.

यासाठी टॅग ॲक्सलला फार वळावंही लागत नाही. पुढची चाकं ४० अंशांवर असताना त्याला पुरतात साडेनऊ अंश, आणि तेही उलट दिशेने. पुढची चाकं डावीकडे तर हा उजवीकडे. बसस्थानकात वळणाऱ्या बसचं शेवटचं चाक बाजूने पाहिलं तर हा कोन नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

आता हीच बस हायवेवर आणू. टॅग ॲक्सल वळता करण्याची सगळ्यात स्वस्त रीत म्हणजे त्याला मोकळं सोडणं. ॲक्सलची टोकं किंगपिनवर, म्हणजे उभ्या खुंटीवर, बसवायची आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग पिनच्या रेषेच्या थोडा मागे राहील अशी मांडणी करायची. मग दवाखान्यातल्या स्ट्रेचरच्या चाकांसारखी ही चाकं गाडी जाईल तिकडे आपोआप वळतात. कुठली मोटर नको, कुठला पंप नको. ट्रेलरच्या जगात हे सेल्फ-स्टिअरिंग ॲक्सल भरपूर वापरले जातात. रिव्हर्स घेताना मात्र त्यांना सरळ करून खिळवून ठेवावं लागतं, कारण उलट्या दिशेने तीच चाकं गर्रकन फिरून आडवी व्हायला बघतात.

पण मोकळं चाक आडवं बळ देत नाही. ते वजन उचलतं आणि वळणावर हात वर करतं. आपल्या बसच्या मागच्या बाजूचं एक तृतीयांश वजन टॅगवर आहे. वळणावर त्या वजनाला आत धरून ठेवायला लागणारं बळ आता एकट्या ड्राइव्ह ॲक्सलच्या टायरना द्यावं लागतं, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या दीडपट. मघाच्या ८० किलोमीटर वेगाच्या वळणावर पुढच्या टायरचा स्लिप अँगल सुमारे १.७ अंश असेल, तर मागच्यांचा अडीच अंशांच्या पुढे जातो. मागचा कोन पुढच्यापेक्षा मोठा. वर जिला घाबरलो तीच ही अवस्था. टॅग ॲक्सल ताठ असता तर त्याने आपला वाटा उचलला असता आणि बस शांतपणे वळण काढून गेली असती.

टॅग उलट दिशेने जोर लावून वळवला तर आणखी वाईट. मोकळं चाक निदान तटस्थ असतं. वेगात उलट वळलेलं चाक शेपटीला वळणाच्या बाहेर ढकलतं, म्हणजे नाकाच्या फिरण्याला आवर घालण्याऐवजी धक्का देतं. हळू वेगात गाडी चपळ करणारी गोष्ट नेमकी हीच, म्हणून तिला एका वेगानंतर थांबवावंच लागतं.

सध्याच्या चांगल्या बस आणि ट्रकमध्ये हे काम विद्युत-हायड्रॉलिक यंत्रणा करते. पुढच्या चाकांचा कोन आणि गाडीचा वेग सेन्सरकडून कळतो, कंट्रोल युनिट मागच्या चाकांचा कोन ठरवतं, हायड्रॉलिक सिलिंडर तो देतो. गाडी रांगत असेल तेव्हा पूर्ण कोन, वेग वाढेल तसा कमी कमी, आणि उत्पादकाने ठरवलेल्या वेगापुढे चाकं सरळ करून कुलूपबंद. यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो बिघाडाचा विचार. वायर तुटली, पंप बसला, सेन्सर खोटं बोलू लागला, तर मागची चाकं कुठे जावीत? उत्तर एकच: सरळ. सिलिंडरमध्ये साठवलेला दाब किंवा स्प्रिंग त्यांना मध्यावर आणून धरतात. गाडी मग जुन्या काळच्या ताठ टॅगसारखी चालते, यू-टर्नला जागा जास्त लागते, टायर झिजतात, पण हायवेवर ती बिथरत नाही. स्टिअरिंगसंबंधीच्या संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतही, नियमन क्रमांक ७९ मध्ये, अशा सहायक स्टिअरिंगमधल्या बिघाडाने गाडीचं वागणं अचानक बदलू नये यावर भर आहे.

वेगात मागची चाकं सरळ ठेवण्याच्या पुढचीही एक पायरी आहे. त्यांना पुढच्या चाकांच्याच दिशेला अगदी थोडं वळवायचं. स्टिअरिंग वळताक्षणी मग मागूनही आडवं बळ येऊ लागतं, नाक फिरण्याची वाट पाहावी लागत नाही. गाडी फारशी न फिरता तिरकी सरकल्यासारखी शेजारच्या लेनमध्ये जाते. होंडाने १९८७ च्या प्रिल्यूड मोटारीत निव्वळ यांत्रिक जोडणीने हे करून दाखवलं होतं: स्टिअरिंग थोडं वळवलं तर मागची चाकं पुढच्यांच्या दिशेला, जास्त वळवलं तर उलट. हायवेवर कुणी स्टिअरिंग जास्त वळवत नाही आणि पार्किंगमध्ये कुणी थोडं वळवत नाही, या एका निरीक्षणावर ती रचना उभी होती. अवजड गाडीत खरा फायदा दिसतो तो ट्रेलरला. पुढचा घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा ट्रक, अचानक लेन बदलतो तेव्हा त्याला बसलेला आडवा झटका मागे जाता जाता वाढत जातो. दोन ट्रेलर जोडलेल्या गाडीत शेवटच्या ट्रेलरला तो सगळ्यात जोरात बसतो आणि उलटतो तोही तोच. त्याची मागची चाकं योग्य क्षणी योग्य दिशेला थोडी वळली तर हा झटका मवाळ होतो.

इथे एक गैरसमज मात्र बाळगू नये. उंच माल भरलेला ट्रक गुरुत्वाकर्षणाच्या साधारण तीन-चार दशांश इतक्या आडव्या बळाला कलंडतो, आणि हा आकडा मुख्यतः मालाची उंची, दोन बाजूंच्या चाकांमधलं अंतर आणि सस्पेन्शन यांवर ठरतो. मागची चाकं कितीही हुशार असली तरी ती मालाचा गुरुत्वमध्य खाली आणत नाहीत. वळणावर वेग जास्त असेल तर गाडी उलटणारच.

लांब ट्रेलरचा प्रश्न बसपेक्षा जास्त बिकट आहे, कारण तिथे मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येतच नाहीत, ती आत कापत जातात. घोड्याच्या मागच्या टेबलाची, म्हणजे ट्रेलर जिथे टेकतो त्या जागेची त्रिज्या ११ मीटर आणि तिथून ट्रेलरच्या मधल्या ॲक्सलपर्यंत ८ मीटर अंतर असेल, तर सतत गोल फिरताना ट्रेलरची चाकं साडेसात मीटर त्रिज्येवर येतात. साडेतीन मीटर आत. कोपऱ्यावर उभा असलेला दुचाकीवाला घोडा पुढे गेला म्हणून निश्चिंत होतो आणि तेवढ्यात ट्रेलरचं अंग त्याच्यावर येतं, त्याचं कारण हे साडेतीन मीटर. शेवटचा ॲक्सल वळता केला तर टेकण्याची रेष पहिल्या दोन ॲक्सलच्या मध्ये सरकते आणि चाकांची त्रिज्या जवळपास ८.२ मीटर होते. साठ-पासष्ट सेंटिमीटरची बचत.

युरोपात हे मोजायची ठरलेली पद्धत आहे. गाडीने बाहेरून १२.५ मीटर आणि आतून ५.३ मीटर त्रिज्येच्या दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात राहून पूर्ण फेरी मारायची. ब्रिटनने २०१२ मध्ये नेहमीपेक्षा २ मीटरहून जास्त लांब, १५.६५ मीटरपर्यंतच्या ट्रेलरची चाचणी सुरू केली तेव्हा या पट्ट्यात मावण्यासाठी त्यांतल्या अनेकांना वळते ॲक्सल बसवावे लागले. अकरा वर्षं हे ट्रेलर देखरेखीखाली रस्त्यावर धावले आणि २०२३ मध्ये सरसकट परवानगी मिळाली. या सगळ्या काळात एक काळजी वारंवार पुढे येत राहिली, ती शेपटीची.

शेपटीचा हिशेब सरळ आहे. टेकण्याची रेष पुढे सरकली की तिच्या मागे उरलेलं अंग लांब होतं. गाडी डावीकडे वळते तेव्हा हे मागचं अंग उजवीकडे झुलतं. आत कापणं कमी केलं की बाहेर झुलणं वाढतं. आपल्याच १५ मीटरच्या बसमध्ये, ड्राइव्ह ॲक्सलच्या मागे पाच मीटरहून थोडं जास्त अंग धरलं तर माझ्या ढोबळ हिशेबाने टॅग वळता केल्यावर मागचा कोपरा वळणात फूटभर जास्त बाहेर जातो. चालकाला हा कोपरा दिसतही नाही, कारण आरशात तेव्हा त्याला वळणाच्या आतली बाजू बघायची असते. थांब्यावरून सुटताना फुटपाथवरच्या माणसांकडे, आणि उलट्या वळणात रस्त्याच्या मध्याकडे, ही शेपटी जाते.

केंब्रिज विद्यापीठात डेव्हिड सेबन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा मला या क्षेत्रातली सर्वांत सुंदर कल्पना वाटते. आतापर्यंतच्या यंत्रणा घोडा आणि ट्रेलर यांच्यातला कोन पाहून चाकं वळवत. या कोनाला इतिहास नसतो. तो फक्त आत्ताचं सांगतो. वळणात शिरताना घोडा तिरका झाला की मागची चाकं ताबडतोब वळतात, खरं तर ट्रेलरचं मागचं टोक अजून सरळ रस्त्यावरच असतं. शेपटी झुलते ती म्हणून. सेबन यांच्या गटाने ट्रेलरच्या मागच्या टोकाला वेगळी आज्ञा दिली: टेबलाचा बिंदू जिथून जिथून गेला, तिथूनच तू जा. कंट्रोल युनिट त्या बिंदूचा माग लक्षात ठेवतं आणि ट्रेलरचं शेपूट त्या जागी पोहोचेपर्यंत चाकं वळवत नाही. आत कापणं जवळपास जातं आणि शेपटीही झुलत नाही. त्यासाठी ट्रेलरच्या प्रत्येक ॲक्सलला सिलिंडर, सेन्सर आणि वीज लागते. ट्रेलर हा सगळ्यात स्वस्तात विकत घेतला जाणारा आणि सगळ्यात कमी काळजीने वापरला जाणारा भाग असल्यामुळे ही कल्पना प्रयोगशाळेत जितकी उजळ दिसते तितकी बाजारात पसरलेली नाही.

संगणकाच्या कितीतरी आधी अमेरिकेच्या अग्निशमन दलांनी हेच काम माणसाकडून करून घेतलं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरात लांब शिडीची गाडी घोडा आणि ट्रेलर अशी जोडलेली असते आणि ट्रेलरच्या मागे उंचावर दुसरा चालक बसतो. त्याच्या हातात मागच्या ॲक्सलचं वेगळं स्टिअरिंग. तो बघतो पुढच्याचा माग, आणि शिडी कोपऱ्यावरून वळवून आणतो. दोघांचं जमलं तर ही गाडी तिच्यापेक्षा कितीतरी आखूड गाडीला अवघड जातील अशा गल्ल्यांत शिरते.

वेग जितका कमी, तितकी मागच्या चाकांना मोकळीक जास्त. मोठ्या ऑल-टेरेन क्रेनमध्ये चार-पाच किंवा त्याहून जास्त ॲक्सल असतात. लीबहेरच्या क्रेनमध्ये चालक बटणाने निवडतो की मागचे ॲक्सल पुढच्यांच्या उलट वळावेत, सगळे एकाच दिशेला वळून क्रेन खेकड्यासारखी तिरकी चालावी, की शेपटी भिंतीला न लागता निघावी. रस्त्यावर वेग घेतला की हे सगळे पर्याय बंद. याहून मोठे ते हायड्रॉलिक ट्रेलर, ज्यांचा जवळपास प्रत्येक ॲक्सल वळतो. इस्रोच्या तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्रासाठी सुमारे ७० टनांचा ऑटोक्लेव्ह जुलै २०१९ मध्ये अंबरनाथहून ७४ चाकांच्या गाडीवर निघाला आणि पोहोचायला जवळपास एक वर्ष लागलं. दिवसाला काही किलोमीटरच्या त्या चालीत स्थैर्याचा प्रश्नच उद्भवत नाही. तिथे लढाई फक्त वळणं, पूल आणि विजेच्या तारा यांच्याशी असते. साताऱ्याकडच्या डोंगरांवर पवनचक्कीची पाती चढवताना ट्रेलरमागून चालणारा माणूस रिमोटने मागची चाकं वळवतो, तेही त्याच चालीमुळे शक्य होतं.

मग आपल्या हायवेवरच्या बारा, चौदा, सोळा चाकी ट्रकचं काय? आपल्याकडे मागचा ॲक्सल वळवण्याऐवजी उचलण्याची रीत रुळली. या गाड्यांत बहुधा पुढचे दोन्ही ॲक्सल वळते असतात आणि मागे ताठ ॲक्सलपैकी एक लिफ्ट ॲक्सल. रिकामी गाडी परतताना तो उचलायचा: टायर वाचतात, डिझेल वाचतं, वळणं सोपी होतात. ही चांगली सोय आहे. गोची होते ती भरलेली गाडी अडचणीच्या वळणावर आल्यावर. केबिनमधलं बटण हाताशी असतं, लिफ्ट उचलला की गाडी पटकन वळते. तेवढ्या वेळात उरलेल्या ॲक्सलवर काय गुदरतं, ते रस्ता सोसतो.

किती सोसतो याचा अंदाज १९५० च्या दशकाअखेर अमेरिकेत इलिनॉय राज्यात झालेल्या रस्ता-चाचणीतून आला. ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची हानी ढोबळमानाने सोळापट होते. भारतात २०१८ च्या वाढीव मर्यादेनुसार मागच्या जोडीला २१ टन परवानगी आहे, म्हणजे ॲक्सलमागे साडेदहा. त्यांतला एक उचलला आणि सगळा भार दुसऱ्यावर आला असं धरलं, तर दोन ॲक्सल मिळून जेवढी हानी करत होते त्याच्या आठपट हानी एकटा करतो. प्रत्यक्षात थोडं वजन पुढे सरकतं, त्यामुळे आकडा कमी होईल. पण नाक्याजवळच्या वळणांवर डांबर लाटेसारखं का गोळा होतं ते समजायला एवढं पुरे.

कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात हीच सवय होती. तिथेही ताठ लिफ्ट ॲक्सल, तिथेही भरल्या गाडीत वळणावर उचलणं. २००० नंतरच्या दशकात त्या प्रांताने टप्प्याटप्प्याने नियम बदलले: पूर्ण वजनाचा परवाना हवा असेल तर लिफ्ट ॲक्सलऐवजी सेल्फ-स्टिअरिंग ॲक्सल बसवा, भार सगळ्या ॲक्सलवर आपोआप सारखा वाटला गेला पाहिजे, आणि चालकाला तो ॲक्सल केबिनमधून मनाला येईल तेव्हा उचलता येता कामा नये. युक्तिवाद बिनतोड होता. ॲक्सल स्वतःच वळत असेल तर वळणावर तो उचलायचं कारणच उरत नाही.

आपल्याकडे हे जसंच्या तसं येईल असं मला वाटत नाही. वळता ॲक्सल म्हणजे किंगपिन, बुश, टाय रॉड, सिलिंडर, सेन्सर. महामार्गावरच्या कुठल्याही ढाब्यामागच्या गॅरेजात पाटा बदलून मिळतो, मागच्या स्टिअरिंगचा सेन्सर मिळत नाही. त्यावर ओव्हरलोडिंग आलं की किंगपिनचं आयुष्य निम्म्यावर येतं. कोल्हापूरहून दिल्लीला निघालेल्या सोळाचाकीला तीव्र वळणं येतात ती पहिल्या आणि शेवटच्या काही किलोमीटरमध्ये. मधला सारा रस्ता सरळ, आणि सरळ रस्त्यावर ताठ ॲक्सलच बरा. त्या मालकाने लिफ्ट ॲक्सलवर भागवलं तर त्याचं गणित चुकलेलं नाही. शहरात पहाटे माल पोहोचवणारे लांब ट्रक, घाटातून रोज जाणाऱ्या बस, यार्डात दिवसातून दहा वेळा वळणारे ट्रेलर यांचं गणित वेगळं आहे. युरोपीय कंपन्यांच्या माहितीपत्रकांत हा फरक एका खुणेत दिसतो. ६×२*४ असं लिहिलेलं असेल तर सहा चाकजागांपैकी दोन ताकदीच्या, चार वळत्या, आणि तारांकन सांगतं की वळता जादा ॲक्सल ड्राइव्ह ॲक्सलच्या मागे आहे. ताऱ्याऐवजी तिरकी रेघ असेल तर तो पुढे. नुसतं ६×२ असेल तर मागचं सगळं ताठ, आणि टायरचं बजेट त्या हिशेबाने धरायचं.